पुढचा अंक कधी?

मराठीत छापील गोष्टींना आपण काय म्हणतो ते बघा. दैनिक, साप्ताहिक, पाक्षिक, मासिक, त्रैमासिक, वार्षिक. आत काय छापलंय याचा या नावांशी काहीही संबंध नाही. कविता असोत, बाजारभाव असोत की सरकारवर टीका असो, नाव ठरतं ते पुढचा अंक किती दिवसांनी येणार यावरून. या सगळ्यांना मिळून जो शब्द आहे, 'नियतकालिक', तो तर सरळ वचनच देतो. काळ नेमलाय, त्या दिवशी येऊ.

मी सॉफ्टवेअर लिहून पोट भरतो. आमच्याकडे दर दोन आठवड्यांनी रिलीज असतं. दोनच आठवडे का, दहा दिवस का नाही, हे टीममध्ये कुणालाच सांगता येत नाही. आधीपासून तसंच चाललंय म्हणून चाललंय. त्यामुळे असेल, जुन्या मराठी पत्रांचा इतिहास वाचताना माझं लक्ष भलतीकडेच जातं. कुणी कुणावर काय टीका केली यापेक्षा, किती दिवसांनी छापायचं हे कुणी कसं ठरवलं आणि ठरवल्यावर त्याचं काय झालं, ते मी शोधत बसतो. त्यात बरंच सापडतं.

सुरुवात अर्थातच 'दर्पण'पासून. 6 जानेवारी 1832, शुक्रवार, मुंबई. संपादक बाळशास्त्री जांभेकर, वय विशीच्या आसपास. सोबत गोविंद विठ्ठल कुंटे, म्हणजे भाऊ महाजन. 6 जानेवारीला महाराष्ट्रात पत्रकार दिन असतो तो यामुळे. पण हार घालताना एक गोष्ट सहसा सांगितली जात नाही. 'दर्पण' सुरू झालं ते पाक्षिक म्हणून, आणि चारच महिन्यांत, 4 मे 1832 पासून, ते साप्ताहिक झालं.

हे सोपं नव्हतं. 'दर्पण'मध्ये एक रकाना मराठीचा, एक इंग्रजीचा. म्हणजे प्रत्येक मजकूर दोनदा लिहायचा, दोनदा जुळवायचा, दोनदा तपासायचा. त्यात 1832 साली तार नाही, आगगाडी नाही. विलायतेची बातमी शिडाच्या जहाजातून आफ्रिकेला वळसा घालून कित्येक महिन्यांनी यायची. बातमीच इतकी शिळी असेल तर ती पंधरा दिवसांनी दिली काय आणि आठ दिवसांनी दिली काय? तरीही त्यांनी वेग दुप्पट केला. माझा अंदाज असा की मुद्दा बातमीचा नव्हताच. वर्तमानपत्र नावाची गोष्ट मराठी माणसाने कधी हातात धरली नव्हती. पंधरा दिवसांत ती विसरून जाणं सोपं होतं. सवय लावायची तर लवकर लवकर समोर यावं लागतं, आणि आठवड्याचं चक्र आपल्याकडे बाजारामुळे आणि उपासांमुळे आधीच अंगवळणी पडलेलं होतं.

पुढची गंमत 1840 ची. तोवर जांभेकर एल्फिन्स्टनमध्ये शिकवत होते. त्या वर्षीच्या मे महिन्यात त्यांनी 'दिग्दर्शन' काढलं, मराठीतलं पहिलं मासिक. भूगोल, इतिहास, विज्ञान, सोबत नकाशे आणि आकृत्या. त्यानंतर लवकरच 'दर्पण' बंद झालं. म्हणजे आधी पाक्षिक, मग साप्ताहिक, मग मासिक. आजच्या भाषेत कुणी म्हणेल, माणूस थकला. मला ते थकणं वाटत नाही. ग्रहण का लागतं हे समजावून सांगायला आठ दिवसांची घाई कशाला? त्यांना जे सांगायचं होतं ते बदललं आणि त्याबरोबर मुदतही बदलली. 1846 मध्ये, पस्तिशीच्या आसपास, ते गेले.

इथे छापखान्याबद्दल थोडं सांगायला हवं, नाहीतर पुढचं सगळं नुसतं इच्छाशक्तीचं प्रकरण वाटेल. त्या शतकाच्या उत्तरार्धात मराठी छपाई मुख्यतः खिळ्यांवर चालली. एक अक्षर म्हणजे शिशाच्या मिश्रधातूचा एक खिळा, आरशातल्यासारखा उलटा. जुळारी समोरच्या खणांतून एकेक खिळा उचलून ओळ जुळवायचा, ओळींचं पान, पानांचा फर्मा. मग प्रुफं, दुरुस्त्या, छपाई. आणि छपाई झाली की काम संपलं नाही. तेच खिळे सोडवून, पुसून, परत आपापल्या खणांत टाकायचे. देवनागरीत काने, मात्रा, वेलांट्या आणि जोडाक्षरं धरली तर इंग्रजीच्या कितीतरी पट जास्त प्रकारचे खिळे लागतात. शिसं महाग आणि साठा मर्यादित, म्हणून मागचा अंक सुटल्याशिवाय पुढचा जुळवता येत नसे. मेमरी मोकळी केल्याशिवाय पुढचा प्रोग्राम चालत नाही, तसंच. जावजी दादाजींनी 1860 च्या दशकात निर्णयसागरची टाइप फाउंड्री आणि मग छापखाना उभा केला, त्याचं महत्त्व सुंदर अक्षरांपुरतं नव्हतं. मुबलक खिळे मिळू लागले की मुदत गाठणं जमू लागतं.

आता भाऊ महाजन. 'दर्पण' बंद झाल्यावर 1841 मध्ये त्यांनी 'प्रभाकर' नावाचं साप्ताहिक काढलं. त्यात 1848 पासून एक पंचविशीतला सरकारी नोकर 'लोकहितवादी' या नावाने पत्रं लिहू लागला. गोपाळ हरी देशमुख. 1850 पर्यंत ती पत्रं येत राहिली. आपण त्यांना 'शतपत्रे' म्हणतो, प्रत्यक्षात ती 108 आहेत. ती सलग वाचायला बसलात तर दमछाक होते. तेच तेच मुद्दे परत येतात: ब्राह्मणांची आळशी विद्या, पाठांतर, विधवांचे हाल, व्यापाराची नावड. पुस्तक म्हणून हा दोषच. पण ती पुस्तक म्हणून लिहिलेली नव्हती. मागच्या आठवड्याचा अंक वाचकाकडे असेलच याची खात्री नाही, म्हणून प्रत्येक पत्राला स्वतःच्या पायावर उभं राहावं लागतं. लहान, तापलेलं, एका बैठकीत लिहून टाकलेलं. साप्ताहिकाने ही पत्रं नुसती छापली नाहीत, त्यांना तसं घडवलंही.

कादंबरीचंही तेच. हरी नारायण आपट्यांनी 1890 मध्ये 'करमणूक' हे साप्ताहिक सुरू केलं आणि 'पण लक्षात कोण घेतो?' त्यात हप्त्याहप्त्याने आली. यमूचं पुढे काय होणार, हे वाचकाला आठवडाभर डोक्यात घेऊन हिंडावं लागत होतं. आज सगळे भाग एका रात्रीत बघून टाकणाऱ्यांना त्या वाटेचा अंदाज येणं कठीण आहे. मी मुद्दाम एकदा ती रोज एक प्रकरण अशी वाचली. त्यात मला लेखकापेक्षा वाचकाबद्दल जास्त कळलं.

लोकहितवादींवर सगळ्यात कडक टीका झाली ती त्यानंतर पाव शतकाने, आणि ती करणाऱ्याची मुदत वेगळी होती. विष्णुशास्त्री चिपळूणकर. जानेवारी 1874 मध्ये पुण्यात त्यांनी 'निबंधमाला' सुरू केली. मासिक. पहिला निबंध मराठी भाषेच्या तेव्हाच्या स्थितीवर. मालेत दुसऱ्या लेखकांची रांग नव्हती. लिहिणारे जवळजवळ सगळं तेच. एक निबंध एका अंकात संपला नाही तर पुढच्या अंकात, मग त्याच्या पुढच्या. विषयाला लागेल तितकी जागा, चिमटे काढायला भरपूर फुरसत. त्या फुरसतीत त्यांनी लोकहितवादींना सोलून काढलं, जोतीराव फुल्यांची यथेच्छ टिंगल केली. फुल्यांवरच्या टिंगलीत विद्वत्ता कमी आणि जातीचा ताठा जास्त आहे, हे आज वाचताना लपत नाही. भाषा मात्र लखलखीत. दोन्ही एकाच पानावर आहेत, त्याला इलाज नाही.

पण मला इथे हिशोब सांगायचाय. 'निबंधमाले'चे एकूण अंक 84. बारा सक चौऱ्याऐंशी होत नाहीत. बारा साती होतात. म्हणजे सात वर्षांचं मासिक. आणि माला चालली 1874 च्या सुरुवातीपासून जवळपास 1882 उजाडेपर्यंत, म्हणजे आठ वर्षांच्या आसपास. मधले महिने कुठे गेले? ते उशिरात गेले. माणूस सरकारी शाळेत मास्तर. मध्येच रत्नागिरीला बदली. 1878 मध्ये 'काव्येतिहाससंग्रह' हे दुसरं मासिक मित्रांबरोबर सुरू. 1879 मध्ये नोकरीचा राजीनामा, 1880 च्या पहिल्या दिवसांत न्यू इंग्लिश स्कूल. मध्ये छापखाना, मध्ये चित्रशाळा. अशा माणसाचा अंक दर महिन्याला वेळेवर निघाला असता तरच आश्चर्य.

यात एक छान विसंगती आहे. चिपळूणकरांचं एक दैवत म्हणजे इंग्रज लेखक डॉक्टर जॉन्सन. त्याच्या 'रासेलस'चं वडिलांनी हाती घेतलेलं भाषांतर विष्णुशास्त्र्यांनी पुरं केलं, आणि मालेत त्याच्यावर मोठा निबंध लिहिला. हा जॉन्सन 1750 मध्ये लंडनमध्ये 'द रॅम्बलर' काढत होता. एका अंकात एक निबंध. आठवड्यातून दोनदा, मंगळवारी आणि शनिवारी. मार्च 1750 ते मार्च 1752, दोन वर्षं, 208 अंक. बावन्न आठवडे गुणिले दोन गुणिले दोन. हिशोब चोख जुळतो. मोजके अंक सोडले तर सगळं लेखन त्याचं एकट्याचं, आणि त्याच काळात तो शब्दकोशही रचत होता. बरं, हा काही शिस्तीचा पुतळा नव्हता. आळशी म्हणून त्याची ख्याती होती आणि ती त्याला स्वतःलाही मान्य होती. मजकूर शेवटच्या क्षणी लिहायचा आणि न वाचताच छापायला द्यायचा. मग 208 कसे निघाले? एका अंकाचे दोन गिनी मिळत होते आणि त्याला त्यांची गरज होती. प्रकाशक वेगळे, छपाई वेगळ्याची, विक्री वेगळ्याची. याच्याकडे फक्त लिहिणं. चिपळूणकरांकडे लिहिणं, छापखाना, वर्गणी, टपाल आणि शाळेतली हजेरी, सगळंच होतं.

1881 मध्ये चिपळूणकरांनी आणखी एक मुदत अंगावर घेतली, पण या वेळी एकट्याने नाही. 2 जानेवारीला, रविवारी, इंग्रजी 'मराठा', आणि 4 जानेवारीला, मंगळवारी, 'केसरी'. सोबत टिळक, आगरकर, नामजोशी आणि इतर. संपादनाची मुख्य जबाबदारी 'केसरी'त आगरकरांकडे, 'मराठा'त टिळकांकडे. स्वतःचा छापखाना. वर्षभरात, मार्च 1882 मध्ये, चिपळूणकर वयाच्या बत्तिसाव्या वर्षाच्या आत गेले. 'निबंधमाला' त्यांच्याबरोबर थांबली. 'केसरी' पुढच्या मंगळवारी निघाला. त्याच वर्षी कोल्हापूर प्रकरणात टिळक आणि आगरकर दोघेही डोंगरीच्या तुरुंगात 101 दिवस होते. 'केसरी' निघत राहिला. 1897 मध्ये टिळकांवर राजद्रोहाचा खटला झाला, 1908 मध्ये सहा वर्षांची शिक्षा आणि मंडालेची रवानगी. तरी तो निघत राहिला.

आपण याला निष्ठा म्हणतो आणि ती होतीच. पण माझ्या धंद्यातला माणूस दुसरं काहीतरी बघतो. ज्या व्यवस्थेतला कुठलाही एक माणूस काढून घेतला तरी ती थांबत नाही, अशी व्यवस्था त्यांनी पहिल्या दिवसापासून बांधली होती. आमच्याकडे अशी सिस्टिम बांधणाऱ्याला मान असतो, कारण ती फार थोड्यांना जमते.

दुसरी गोष्ट. टिळक हयात असेपर्यंत, म्हणजे 1920 पर्यंत, 'केसरी' साप्ताहिकच राहिला. पुण्यातच 'ज्ञानप्रकाश' होता, 1849 मध्ये साप्ताहिक म्हणून सुरू झालेला. तो 1904 मध्ये दैनिक झाला. 'केसरी' दैनिक झाला तो थेट 1962 मध्ये, मधले टप्पे घेत. दैनिकाला तारा लागतात, रोजच्या बातम्या लागतात, शहरातला रोज पैसे मोजणारा गिऱ्हाईक लागतो. 'केसरी'चा वाचक मोठ्या संख्येने गावोगाव होता. टपालाने अंक यायचा, एकजण मोठ्याने वाचायचा आणि बाकीचे ऐकायचे. त्याला रोजचं पत्र रोज मिळालंच नसतं. अग्रलेखावर सहा दिवस वाद घालायचा आणि सातव्या दिवशी नवा विषय घ्यायचा, हे त्या गावाच्या चालीला बरोबर बसत होतं.

टपालाचा विषय निघालाच आहे तर एक कायदा सांगतो. 1898 चा भारतीय टपाल कायदा. त्यातल्या नवव्या कलमात वृत्तपत्रांसाठी स्वस्त दराची सोय होती. पण वृत्तपत्र कशाला म्हणायचं? त्याची एक अट अशी होती की अंक 31 पेक्षा जास्त दिवसांच्या अंतराने निघता कामा नये. शिवाय वर्गणीदारांची खरीखुरी यादी लागायची. बत्तिसाव्या दिवशी निघालात तर तुम्ही सवलतीच्या रांगेतून बाहेर. छापखान्यांच्या 1867 च्या कायद्यात स्वातंत्र्यानंतर आणखी एक तरतूद आली. साप्ताहिक किंवा पाक्षिक म्हणून नोंद केलेल्या पत्राने तीन महिन्यांत ठरलेल्यापेक्षा निम्म्याहून कमी अंक काढले, तर त्याची नोंदच गळून पडायची. सरकारच्या लेखी निम्मे अंक म्हणजे काठावर पास. कॉलेजात आम्हाला 75 टक्के हजेरी लागायची.

म्हणजे नियमित असणं हा नुसता गुण नव्हता. तो स्वस्त पडत होता. ज्याच्याकडे माणसं, खिळे आणि वर्गणीदार आहेत, त्याला टपालही स्वस्त.

हे सगळं झुगारून देणारीही एक पिढी आली, आणि तिने त्यासाठी शब्दही नेमका निवडला: अनियतकालिक. 1955 मध्ये दिलीप चित्रे, अरुण कोलटकर, रमेश समर्थ यांनी 'शब्द' काढलं, सायक्लोस्टाइलवर. साठच्या दशकात अशोक शहाण्यांचं 'असो', भालचंद्र नेमाड्यांचं 'वाचा', राजा ढाले यांचं 'येरू', आणि अशी कितीतरी. इंग्रजीत याला लिटल मॅगझिन म्हणतात, म्हणजे आकारावरून ओळख. मराठीने ओळख पकडली ती मुदतीवरून. सांगण्यासारखं असेल आणि पैसे जमतील तेव्हा अंक. समोर 'सत्यकथा' होतं, महिन्याच्या महिन्याला निघणारं, कुणाला लेखक म्हणायचं ते ठरवणारं. 1969 मध्ये या तरुणांनी 'सत्यकथे'चा अंक रस्त्यावर जाळला. 1982 मध्ये 'सत्यकथा' बंद पडलं. अनियतकालिकं त्याच्या कितीतरी आधी थांबली होती, बरीचशी दोन-चार अंकांत. पण त्यांतून आलेली माणसं आज अभ्यासक्रमात आहेत.

या गोष्टीवर माझ्या वयाचे बरेच लोक खूश होतात. बघा, नियमितपणा वगैरे काही लागत नाही, मनात येईल तेव्हा काढा. मला ते इतकं सरळ वाटत नाही. कोलटकरांनी एक वर्ष काही छापलं नाही तर मराठी कविता थोडी वाट बघेल. एखादा अंक निघाला नाही म्हणून कुणाचं म्हणणं कायमचं न ऐकलेलं राहत नाही, कारण त्यांच्याविषयी बोलणारे दुसरेही आहेत. ज्यांच्याविषयी दुसरं कुणीच छापत नाही, त्यांचं काय? त्यासाठी पुन्हा 1920 मध्ये जावं लागेल.

31 जानेवारी 1920, शनिवार. 'मूकनायक'चा पहिला अंक. पाक्षिक. डॉक्टर आंबेडकर तेव्हा मुंबईच्या सिडनहॅम कॉलेजात प्राध्यापक होते, त्यामुळे संपादक म्हणून नाव दुसऱ्याचं. राजर्षी शाहू महाराजांनी अडीच हजार रुपये दिले होते. त्याच वर्षी जुलैमध्ये आंबेडकर अपुरं राहिलेलं शिक्षण पुरं करायला लंडनला गेले आणि 'मूकनायक'ला उतरती कळा लागली. 1923 मध्ये ते बंद पडलं होतं. 'केसरी'तला माणूस मंडालेला गेला तरी मंगळवार चुकला नाही. इथे माणूस लंडनला गेला आणि पत्र संपलं. फरक निष्ठेत शोधू नका. 'केसरी'मागे शिकलेल्या माणसांची एक अख्खी जात उभी होती, शाळा होती, कॉलेज होतं, छापखाना होता. 'मूकनायक' ज्यांच्यासाठी होतं त्यांना अक्षरापासून पिढ्यानपिढ्या लांब ठेवलेलं. लिहिणारे मोजके, वर्गणी देऊ शकणारे त्याहून मोजके.

3 एप्रिल 1927 ला आंबेडकरांनी 'बहिष्कृत भारत' सुरू केलं. हेही पाक्षिक. तारीख बघा. महाडच्या चवदार तळ्याचा सत्याग्रह 20 मार्चचा. म्हणजे दोनच आठवडे झाले होते. तळ्यावर काय झालं, नंतर गावात लोकांना कसं मारलं, हे सांगणाऱ्या बातम्या बाकीच्या पत्रांत येत होत्या, त्या आपापल्या बाजूने. पाण्याला हात लावणाऱ्यांची बाजू त्यांच्याच शब्दांत छापायला त्यांचं स्वतःचं पत्र हवं होतं, आणि ते पंधरा दिवसांनी का होईना, पुन्हा पुन्हा निघायला हवं होतं. एका अंकात सांगून संपणारी ही गोष्ट नव्हती. विरोधक दर आठवड्याला बोलत होते.

पण लिहिणार कोण? 1928 च्या सुरुवातीला एका अग्रलेखात आंबेडकरांनी स्वतःच ही परिस्थिती वाचकांपुढे मांडली. लेखाचा मथळाच प्रश्नार्थक आहे: 'बहिष्कृत भारताचे ऋण हे लौकिक ऋण नव्हे काय?' अंकाचे 24-24 रकाने त्यांना एकट्याला भरावे लागत होते, एका पैचाही मोबदला न घेता. 24 रकाने. आणि हे कुणाचं वेळापत्रक? वकिली चाललेली. मुंबईच्या कायदे मंडळाचं सदस्यत्व. डिसेंबर 1927 मध्ये महाडची दुसरी परिषद आणि मनुस्मृतीचं दहन. 1928 मध्ये सायमन कमिशनपुढची निवेदनं आणि साक्ष, वर लॉ कॉलेजातलं शिकवणं. त्यातच जून 1928 पासून 'समता' हे आणखी एक पाक्षिक. ठरलेल्या दिवशी अंक काढणं जमत नव्हतं, आणि नोव्हेंबर 1929 मध्ये 'बहिष्कृत भारत' थांबलं.

चिपळूणकरांचा अंक लांबला तेव्हा त्यांच्या वाचकाकडे दुसरं वाचायला होतं, त्यांच्या जातीची बाजू मांडणारी दुसरी पत्रंही होती. 'बहिष्कृत भारत'चा अंक लांबला की तेवढे दिवस एक अख्खी बाजू छापील जगातून नाहीशी व्हायची. मुदत दोन्हीकडे चुकली, किंमत सारखी नव्हती. म्हणून कुणी 'सातत्य ठेवा' असा सल्ला ऐटीत दिला की मला आधी विचारावंसं वाटतं, रकाने किती आणि भरणारे किती?

मग पाक्षिक न काढता मासिक काढायचं होतं, असं म्हणता येईल. अंगाला झेपेल तेवढंच घ्यावं, हे शहाणपण मी रोज ऐकतो. 1927 मध्ये ते लागू पडत नव्हतं. समोरचा आठवड्याला बोलत असताना महिन्याला एकदा उत्तर देणं म्हणजे उत्तर न देण्यासारखंच. पाक्षिक ही तडजोडच होती. एका माणसाला जेवढं कसंबसं शक्य आणि प्रसंगाला जेवढं कमीतकमी पुरेसं, त्यांच्या मधली.

24 नोव्हेंबर 1930 ला 'जनता' निघालं. पुन्हा पाक्षिक. आंबेडकर तेव्हा पहिल्या गोलमेज परिषदेसाठी लंडनमध्ये होते. दहा वर्षांपूर्वी ते लंडनला गेले तेव्हा 'मूकनायक' बुडालं; या वेळी ते लंडनमध्ये असतानाच पत्राचा जन्म झाला. संपादकाच्या खुर्चीत देवराव नाईक, पुढे इतर. मधल्या दहा वर्षांत वसतिगृहं निघाली होती, परिषदा झाल्या होत्या, महाड झालं होतं, नाशिकचा सत्याग्रह सुरू झाला होता. लिहिणारे हात तयार झाले होते, विकणारे आणि गावात नेऊन वाचून दाखवणारेही. वर्षभरात, 1931 मध्ये, 'जनता' साप्ताहिक झालं. मध्ये अडचणी आल्या, पण ते पाव शतक चाललं, आणि 4 फेब्रुवारी 1956 पासून त्याचं नाव 'प्रबुद्ध भारत' झालं.